सासूबाईंची नऊवारी आणि मेडिकलमधला पट्टा

ताई,

मी ४३ वर्षांची, बार्शी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. १६ दिवसांपूर्वी पुण्यात माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, स्लीव्ह म्हणतात ते. वजन ११८ किलो होतं, शुगर आणि गुडघे दोन्ही ऐकेनासे झाले होते. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सोबतच्या कागदावर 'पोटाचा बेल्ट वापरणे' एवढंच लिहिलंय. किती वेळ, किती दिवस, किती घट्ट, काही नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचं हेच ऑपरेशन, पण त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी बेल्ट लागतच नाही म्हणून सांगितलं.

सासूबाई म्हणतात, 'बाळंतपणात तुझं पोट नीट बांधलं नाही म्हणून ही वेळ आली, आता तरी बांध.' दिवसभर मेडिकलमधून आणलेला बेल्ट आणि रात्री त्यावरून त्यांच्या जुन्या नऊवारीचा पट्टा, असं चाललंय. रात्री घशाशी आंबट येतं. बेल्टच्या वरच्या कडेला लाल वळ उठून खाज सुटलीय. पण काढला की टाके उसवतील, आतून काहीतरी बाहेर येईल असं वाटतं आणि मी पुन्हा बांधते. बेल्टनं हर्निया टळतो का? पोट लोंबायचं थांबेल का? आणि शाळेत कधी जाऊ?

– एक शिक्षिका

बाई,

(शाळेत तुम्हाला सगळे हेच म्हणत असणार, मीही म्हणते.) आज रात्री झोपताना दोन्ही सोडा. आधी नऊवारी, मग बेल्ट. बाकीचं उत्तर उद्या सकाळी वाचलंत तरी चालेल. आणि सकाळी पहिलं काम म्हणजे तुमच्या सर्जनकडे फोन लावून 'रात्री घशाशी आंबट येतंय' हे सांगायचं. पत्रात तुम्ही हे खाजेच्या शेजारी एका ओळीत उरकलंय, पण त्या दोन्हींत मला जास्त महत्त्वाचं आंबट येणंच वाटतं.

ते का येतं ते बघा. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. जो भाग जातो तोच नेमका फुग्यासारखा ताणला जाणारा असतो, आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्या खालच्या टोकाची झडप शाबूत असते. म्हणजे आत आलेलं पाणी, ताक, लाळ, पित्त या सगळ्याला पसरायला जागा नाही आणि खाली उतरायचं तर झडप उघडेपर्यंत थांबायचं. आता बाहेरून बेल्ट आवळा, त्यावर सुती लुगड्याचा फास द्या आणि आडवं व्हा. जायला वाट एकच राहते, वरची. तुमच्या पोटात काही बिघडलं असेलच असं नाही, पण बिघडावं अशी रोज रात्रीची व्यवस्था मात्र आपण चोख केलीय.

बेल्ट सोडूनही त्रास राहिला तर आश्चर्य वाटायला नको, या ऑपरेशननंतर कित्येकांना तो होतो. पित्ताची गोळी लिहून दिलेली असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करू नका. कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू वर करा. नुसत्या दोन उशा घेतल्या की मान मोडते, पोट दुमडतं आणि आंबट येतंच.

मी २६ वर्षं सर्जरीच्या वॉर्डांत फिजिओथेरपी केली. पेशंटला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कॉटवरून उठवणं, तीन चेंडूंच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढायला लावणं, कॉरिडॉरमध्ये चालवणं ही माझी रोजची कामं. त्या काळात मी पोटाचे पट्टे इतक्या तऱ्हेनं बांधलेले पाहिलेत की त्यावर प्रदर्शन भरवता येईल. बरगड्यांवर बांधलेला, उलटा बांधलेला, घामानं भिजलेल्या बनियनवर तीन दिवस तसाच राहिलेला. एकदा तर एका काकांनी धोतराच्या कासोट्यावरून बांधला होता आणि लघवीला जाताना सगळी पंचाईत. यातल्या कुणालाही तो का बांधायचा हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या कागदावरही 'वापरणे' एवढंच आहे. अशी ओळ लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

का बांधायचा, तर चालता यावं म्हणून. एवढंच. खोकताना, कॉटवरून उठताना, जिना चढताना पोटाच्या भिंतीला हिसका बसतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून माणूस पडून राहतो. वजनदार शरीराच्या माणसानं ऑपरेशननंतर पडून राहणं फार वाईट. पिंढरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही, तिथे कफ साठतो. आतडी सुस्त पडतात. यावर सगळ्यात स्वस्त औषध चालणं. बेल्टनं हिसका कमी जाणवून तुम्ही दोन फेऱ्या जास्त मारत असाल तर बेल्टनं त्याचं काम केलं. तोच बेल्ट बांधून तुम्ही दिवसभर खुर्चीत बसत असाल तर तो नुसता घाम आणतोय.

दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या याचा उलगडाही यातच आहे. पोट उभं चिरून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर बेल्ट बांधणारे आणि न बांधणारे यांची तुलना झालेली आहे. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं हे मोजलं तेव्हा बेल्टवाले पुढे निघाले. काही अभ्यासांत त्यांचं दुखणंही कमी भरलं. नीट बांधलेल्या बेल्टनं श्वासाची ताकद घटली नाही. वजन कमी करण्याची ऑपरेशनंही एके काळी अशीच पोट उभं चिरून व्हायची. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली, तरी बेल्टची सवय काही ठिकाणी राहिली. तुमच्या पोटावर लांब चीर नाही, ५ ते १५ मिलिमीटरची चार-सहा भोकं आहेत, त्यामुळे बेल्टचा फायदाही त्याच मापानं लहान. एका सर्जनला वाटतं तेवढा तरी घ्यावा, दुसऱ्याला वाटतं कशाला उगीच. दोघांचंही बरोबर. तुमचं पोट खाली ओघळणारं असेल, चालताना ते टाक्यांना खाली ओढत असेल, तर बेल्टनं तुम्हाला शेजारच्या बाईंपेक्षा जास्त आराम वाटेल. त्यांना तो न बांधता झपाझप चालता येत असेल तर त्यांनी पैसे वाचवले.

आता टाके उसवण्याची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, वॉर्डात दर दुसरा पेशंट हेच म्हणायचा. पण आत काय आहे ते ऐका. जठर कापून जोडलंय ते धातूच्या बारीक पिनांच्या ओळींनी, स्टेपलरनं. ती शिवण पोटाच्या आत खोल आहे. बाहेरचा बेल्ट तिथवर पोचत नाही, तो तिला धरूनही ठेवत नाही आणि सोडूनही देत नाही. तुम्हाला 'आतून काहीतरी बाहेर येईल' असं जे वाटतं ते भोकांच्या आजूबाजूचे स्नायू दुखावलेत त्यामुळे, आणि १६ दिवस दिवसरात्र दाब असल्यामुळे. दाब गेला की पोट एकदम उघडं पडल्यासारखं वाटतं. पावसाळाभर रेनकोट घातलेल्या मुलाला तो काढल्यावर दोन दिवस चुकल्यासारखं होतं, तसं. तासभर थांबा, जातं.

जोडलेली जागा आतून गळते का, ही काळजी मात्र खरी आहे, आणि तिच्या खुणा तुम्हाला पाठ हव्यात. स्वस्थ बसलेलं असताना नाडी मिनिटाला १०० च्या वर राहू लागली तर डॉक्टरांना फोन, १२० ला टेकली तर वाट न पाहता दवाखाना. ताप, थंडी वाजणं, वाढत जाणारं पोटदुखणं, घोटभर पाणीही न टिकणं, धाप लागणं, एकाच पिंढरीला सूज येऊन दुखणं. आणि एक फसवी खूण म्हणजे डावा खांदा दुखणं. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदा बऱ्याच जणांचा दुखतो, तेव्हा तुम्हाला 'गॅसचं आहे' असं सांगितलं गेलं असेल आणि ते खरं होतं. आता तिसऱ्या आठवड्यात नव्यानं दुखू लागला तर तो गॅस नव्हे. पुण्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत थांबू नका, १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच 'माझं स्लीव्ह झालंय' असं सांगा. यातलं काहीही बेल्ट आवळून थांबत नाही. उलट घट्ट बेल्टखाली दुखणं झाकलं जातं. म्हणून दिवसातून दोनदा तो पूर्ण काढून पोट आरशात बघायचं, टाक्यांवर हात फिरवायचा. लाली, पू, नवा फुगवटा दिसला तर दाखवायचा.

बांधायचा कसा, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या कागदावर हेच असायला हवं होतं.

उभ्यानं बांधू नका. उभं असताना पोट खाली उतरलेलं असतं, तेव्हा बांधलात तर ते बेल्टच्या खालून निसटतं, मग बेल्ट वर सरकतो, गुंडाळला जातो आणि त्याची दोरी होऊन बरगड्यांखाली रुतते. तुमच्या वरच्या कडेचा लाल वळ मला तरी याचाच वाटतोय. कॉटवर बेल्ट उघडून पसरा, त्यावर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. दोन्ही हातांनी पोट खालून उचलून वर घ्या. मग बेल्टची खालची कड ओटीपोटाच्याही खाली, दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांवर येईल अशी ठेवून आधी खालचा भाग चिकटवा, नंतर मधला, सगळ्यात वरचा शेवटी आणि तोही सैल. तीन-चार पट्ट्यांचा बेल्ट असतो तो यासाठीच, प्रत्येक पट्टी वेगळी ओढता येते. अखंड एकच रुंद पट्टा तुमच्या अंगाला नीट बसणार नाही. वरची कड बरगड्यांच्या खाली राहिली पाहिजे. ब्रेसियरची खालची पट्टी आणि बेल्टची वरची कड एकमेकींवर चढली की तिथली कातडी सोलते, त्यामुळे सध्या तारेची किंवा घट्ट ब्रेसियर नकोच.

बांधून झाल्यावर कुशीवर वळा, पाय कॉटखाली सोडा, हातावर जोर देऊन उठा. सरळ उताणं उठायला जाऊ नका, बेल्ट असला तरी. उभं राहिल्यावर दोन बोटं बेल्टच्या आत सहज जातात का बघा. मग वर्गात हजेरी घेता तशी पाच-सहा नावं एका श्वासात मोठ्यानं घ्या. मधेच दम तोडावा लागला तर सैल करा.

उठून चालायला लागलात की बांधा, बसलात की सैल करा, झोपताना काढा. तुम्ही सध्या दिवसभर घोट घोट पितच असणार, मुगाचं कढण, ताक, पेज, प्रोटीनची पावडर. प्रत्येक वेळी बसून आणि बेल्ट सैल करून प्यायचं, पिऊन झाल्यावरही अर्धा तास तसंच सैल. वैताग वाटेल, पण वेल्क्रो त्यासाठीच आहे. चालणं एकदम तासभर नको. घरातल्या घरात किंवा अंगणात दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटं.

खाजेचं सोपं आहे. बेल्ट उघड्या अंगावर नको, आत पातळ सुती बनियन हवं, शिवण बाहेरच्या बाजूला करून घातलेलं, आणि दिवसातून दोनदा बदललेलं. आंघोळीनंतर पोटाची घडी उचलून आतली कातडी टिपून कोरडी करा, घासू नका. बेल्ट साध्या साबणानं, थंड पाण्यात, वेल्क्रो लावलेल्या अवस्थेत धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. गरम पाण्यानं इलॅस्टिक मरतं. घडीत ओलसर लाली पसरली, कडेला बारीक पुरळ आला तर ती बुरशी असते. त्याला मलम लागतं, टाल्कम पावडरनं चिखल होतो. लाल वळ दोन दिवस बेल्ट न लावूनही गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

मापाबद्दल एक आतली गोष्ट. मेडिकलमध्ये सहसा 'एक्सएल द्या' म्हणून बेल्ट घेतात. टेपनं मोजा, उभं राहून, बेंबीवर आणि कमरेच्या सर्वांत रुंद भागावर, आणि मोठा आकडा धरा. तुमचं माप आता आठवड्याला बदलणार आहे. दोन्ही टोकं एकमेकांवर इतकी चढतील की चिकटायला जागा उरणार नाही, आणि एक दिवस बेल्ट चालता चालता पायात येईल. माझ्या एका पेशंटनं त्याचे पेढे वाटले होते (स्वतः अर्थातच खाल्ला नाही). त्यामुळे महागडा बेल्ट घेऊ नका, आणि दुसरा तर घेऊच नका. तोवर गरज संपलेली असते.

किती दिवस, तर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेक सर्जन दोन ते सहा आठवड्यांच्या मधलं काहीतरी सांगतात. तुमच्या सर्जननी आकडा दिला तर तो धरा. नाही दिला तर माझा ठोकताळा सांगते: घरात बेल्टशिवाय चाला, फक्त बाहेर पडताना आणि जिन्याला बांधा. चार दिवस हे जमलं की बाहेरही सोडून बघा. काही आठवडे बांधून स्नायू लुळे पडत नाहीत, ती भीती बाळगू नका. पण माणसाला त्याची सवय जडते हे खरं. दहा महिन्यांनीसुद्धा बेल्टशिवाय भाजी आणायला न जाणाऱ्या बाई मी पाहिल्यात. त्यांचं पोट उत्तम होतं. बेल्ट सुटत नव्हता तो मनातून.

हर्नियावर येते. पोटाच्या भिंतीत स्नायूंवर एक चिवट पांढरा पडदा असतो, हर्निया होतो तो त्याला पडलेल्या भोकातून. बेल्ट बसतो कातडीवर. दोन्हींच्या मधे चरबीचा जाड थर. गादीच्या वरून दोरी बांधून गादीखालच्या फळीची फट बुजवता येत नाही. बेल्टमुळे हर्निया टळतो असं तपासण्यांतून सिद्ध झालेलं नाही. दुर्बिणीच्या बारीक भोकांतून तो होण्याची शक्यता मुळातच लांब चिरेपेक्षा खूप कमी. त्यातल्या त्यात ज्या भोकातून कापलेलं जठर ओढून बाहेर काढलं ते रुंद असतं, तिथे जपायचं.

जपायचं म्हणजे काय, तर त्या पडद्याला जुळायला वेळ द्यायचा. दीड-दोन महिन्यांत त्याची साधारण निम्मी ताकद परत येते. तोपर्यंत चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. घरातली वजनं आपल्याला कळत नाहीत, म्हणून सांगते. पाण्याची भरलेली बादली १५ किलो. गॅसची भरलेली टाकी जवळजवळ ३०, तिला सरकवायचंही नाही. दळणाचा डबा, ओलं धुणं, कडेवर यायला बघणारं नातवंड-भाचरू. शाळेत वह्यांचा गठ्ठा आणि पोषण आहाराचं पातेलं. 'मी बेल्ट लावलाय ना' म्हणून यातलं काही उचललंत, तर बेल्टनं फायद्याऐवजी तोटाच केला. मला बेल्टची खरी धास्ती वाटते ती इथे.

दुसरं, कुंथणं. खाणं थोडं, पाणी कमी, वर लोहाची गोळी, की शौचाला खडा होतोच. पाणी दीड लिटरपर्यंत न्या, घोटाघोटानं, आणि तरी होत नसेल तर औषध मागून घ्या, लाजू नका. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरून खोका, त्या क्षणापुरती ती बेल्टपेक्षा चांगली. आणि घरात मशेरीची डबी असेल, तुम्हीही लावत असाल, तर ती बंद. तंबाखूनं जखम भरणं मागे पडतं आणि जठराच्या शिवणीलाही ती वाईट. पत्रात तुम्ही असं काही लिहिलेलं नाही हे मला माहीत आहे. पत्रात हे कुणीच लिहीत नाही.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलं असेल, ते भरतंय का मोजा. पडदा जुळतो तो त्याच्यावर. डिंकाचे लाडू घरात तयार असतीलच, सासूबाई ज्या हौसेनं नऊवारी फाडायला निघाल्यात त्यावरून मला वास येतोय. ते सध्या नाहीत. डॉक्टरांनी मऊ खाण्याची परवानगी दिल्यावरही साखर-तुपाचा घट्ट गोळा त्या नळीला झेपणारा नाही.

पोट लोंबण्याबद्दल मी तुम्हाला गोड काही सांगणार नाही. लोंबेल. किती, ते तुमचं वय, कातडीचा पोत, बाळंतपणं आणि किती किलो उतरतात यावर. कातडी वर्षानुवर्षं ताणली गेलीय, तिच्यातले लवचिक धागे तुटलेत. बाहेरून दाबून ते सांधले जात नाहीत, दिवसा बांधा की रात्री. स्नायू मात्र तुमच्या हातात आहेत. डॉक्टरांनी मोकळीक दिली की, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांनी, एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे खोल स्नायू आवळायचे व्यायाम शिकून घ्या. उठाबशा आणि क्रंचेस त्याआधी नकोत. वजन एका जागी स्थिरावल्यावर, म्हणजे ऑपरेशननंतर बहुधा वर्ष-दीड वर्षानं, घडीत सतत जखमा होत असतील किंवा नकोसंच वाटत असेल तर जादा कातडी काढून टाकण्याचं वेगळं ऑपरेशन असतं. त्यानंतर प्लास्टिक सर्जन घट्ट पट्टा कित्येक आठवडे बांधायला लावतात, तिथे त्याचं कारण वेगळं. ते बघायचं तेव्हा बघू.

शाळा. तिसरा-चौथा आठवडा संपताना बहुतेक जण बैठ्या कामावर जातात, पण तुमचं काम बैठं नाही आणि रस्ताही एसटीचा असणार. पहिले आठ दिवस अर्धी शाळा मिळते का मुख्याध्यापकांना विचारा. बेल्ट बांधून जा, वर्गात खुर्ची घ्या, मधल्या सुट्टीत सैल करा. आणि साडीबद्दल एक, कारण डॉक्टर पुरुष असले की हे सांगायचं राहतं. परकराची नाडी हाही एक बेल्टच आहे, आणि तो बरोबर टाक्यांजवळ काचतो. महिनाभर पंजाबी ड्रेस, तोही इलॅस्टिकचा. पुण्याला तपासणीला जाताना चार-पाच तासांचा प्रवास आहे, तेव्हा तासाभरानं गाडी थांबवून उतरा, चाला, बेल्ट फक्त तेवढ्या चालण्यापुरता. गाडीच्या सीटमध्ये दुमडून बसल्यावर तो पोटात घुसतो.

राहिल्या सासूबाई. बाळंतपणात पोट बांधलं नाही म्हणून वजन वाढलं, हे काही खरं नाही. गर्भाशय सहा आठवड्यांत आपलं आपण आवळतं, बांधा की न बांधा. पण त्यांना वेड्यात काढायची घाई करू नका. बाळंतिणीचं पोट बांधायचे त्यात कंबरेला आधार मिळायचा, उठताबसता बरं वाटायचं, आणि चार दिवस कुणीतरी तिच्या अंगाकडे लक्ष द्यायचं. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच त्या रात्री पट्टा घेऊन बसताहेत. त्यांना काम बदलून द्या. संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांना बरोबर न्या, त्यांचेही गुडघे धरले असतील तर त्यांच्याच चालीनं.

आणि ती नऊवारी धुऊन घ्या. जुनं धुतलेलं सुती लुगडं यासारखं मऊ कापड बाजारात विकत मिळत नाही. त्यातल्या एका पदराचे दोन-तीन आखूड झंपर सासूबाईंकडून शिवून घ्या, बेल्टच्या आत घालायला, शिवण बाहेर. उरलेल्याची चौपदरी घडी करून छोट्या उशीला अभ्रा चढवा आणि उशाशी ठेवा, खोकला आला की पोटाशी धरायला.

तुमची,
ताई